छत्रीच्या मापाने: मुंबईतल्या भित्तिचित्रांच्या पायी नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

माटुंगा रोड स्टेशनला जाताना रोज एक चित्र लागायचं. पाटीत पापलेटं घेऊन बसलेली कोळीण आणि तिच्या मागून जाणारी लोकल. सहा वर्षं मी त्या चित्रासमोरून गेले. दिवाळीची सुट्टी संपली, सकाळी निघाले, तर तिथे सपाट क्रीम रंग. हात लावला तर बोटाला लागला, म्हणजे आदल्या रात्रीचाच. फोनमध्ये शोधलं. सहा वर्षांत एकही फोटो काढला नव्हता. कोणी काढलं होतं तेही माहीत नाही, कारण कोपऱ्यातली सही कधी वाचलीच नव्हती.

म्हणून हे काम हाती घेतलंय. चार भाग चालायचे: माहीम ते दादर तुळशी पाइप रोड, वांद्र्याची गावठाणं, फोर्ट आणि ससून डॉक. प्रत्येक भिंतीचा फोटो, जागा, माप, रंगाची अवस्था, सही असेल तर सही. सोबत बाबा आहेत. चौतीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या, टेम्पोचे नंबर, मंडळांचे पडदे रंगवले. फ्लेक्स आल्यावर ब्रश ठेवले. त्यांना घ्यायचं कारण सरळ आहे: मला भिंतीवर चित्र दिसतं, त्यांना चित्रामागची भिंत दिसते.

नाशिक, कोल्हापूर, पणजी, कुठेही कोणाला असं करायचं असेल तर आमच्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून तारखेवार लिहितेय.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिला दिवस पूर्ण वाया गेला.

तुळशी पाइप रोड, म्हणजे सेनापती बापट मार्ग, पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून जातो. रूळ पूर्वेला, रस्ता पश्चिमेला आणि मधे ही लांबलचक भिंत. रविवारी सकाळी गाड्या कमी असतात म्हणून आठला माहीमपासून सुरुवात केली. सूर्य भिंतीच्या मागून वर येत होता, थेट लेन्समध्ये. चित्रं काळी, वरचं आकाश पांढरं. हे घरी निघण्याआधी नकाशा पाहून कळलं असतं: भिंतीचं तोंड पश्चिमेला आहे, मग सकाळी तिच्यावर ऊन पडणारच नाही.

दुसरी चूक याहून वाईट. २१४ फोटो काढले आणि फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंद होतं. बॅटरी वाचावी म्हणून मीच कधीतरी बंद केलं होतं. तीन किलोमीटर एकसारखी भिंत, त्यात कुठला फोटो कुठला, काहीच लावता येईना. संध्याकाळी दोन तास क्रमाने आठवायचा प्रयत्न केला. बाबा म्हणाले, "पुसून टाक सगळे. अर्धवट माहिती ठेवलीस तर पुढे तीच खरी वाटायला लागते." पुसले.

एक गोष्ट मात्र हाती लागली. या भिंतीवर तीन वेगळ्या काळांत चित्रं आली. ऑगस्ट २००९ मध्ये द वॉल प्रोजेक्टच्या पुढाकाराने शेकडो माणसांनी ही भिंत रंगवली, चित्रकारांनी आणि माझ्यासारख्या हौशी कॉलेजच्या मुलींनीही. स्वाइन फ्लूचे दिवस होते, कॉलेजं बंद होती. आम्ही चौघी तोंडाला मास्क बांधून आलो होतो आणि दहा-बारा फूट भिंत आमच्या वाट्याला आली होती. त्यानंतर वेगवेगळ्या संस्थांनी त्यावर रंगवलं. आणि २०२२च्या अखेरीपासून, जी-२०च्या बैठकांच्या सुमारास, महापालिकेच्या सुशोभीकरणात शहरभर भिंती आणि उड्डाणपुलांचे खांब रंगले. पहिल्या काळातलं आज काही दिसत नाही. निदान मला अजून दिसलेलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तीच भिंत, या वेळी पहाटे. पाहिलेले पर्याय असे: सकाळी सूर्य मागून येतो. दुपारनंतर भिंतीवर छान ऊन येतं, पण तोवर टेम्पो, टॅक्सी, हातगाड्या भिंतीला खेटून उभ्या. मधला रस्ता म्हणजे सूर्य उगवण्याआधीची वीस मिनिटं. उजेड सगळीकडे सारखा पसरलेला असतो, सावली नसते, रंग खरे येतात. सध्या सहा पंचवीस ते पावणेसात. एका पहाटेत जेमतेम पाचशे-सहाशे मीटर होतात. म्हणजे हीच एक भिंत पाच सकाळी घेणार. ठीक आहे. आठवड्यातल्या दिवशीही ऑफिसआधी जाईन.

मापासाठी लेझर मीटर घेतला होता, ₹१,८५०. घरात भिंतीवर लाल ठिपका झकास दिसला. बाहेर उजाडल्यावर तो ठिपका शोधायलाच पाच मिनिटं, गडद रंगावर तर दिसतच नाही. पैसे पाण्यात. बाबांनी स्वतःची लांब दांड्याची काळी छत्री काढली, टेपने मोजली, बरोबर ९० सेंटिमीटर. दर तीस सेंटिमीटरला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि प्रत्येक चित्राला ती टेकवून एक फोटो घेतला. घरी स्क्रीनवर छत्री किती वेळा बसते ते मोजायचं. उंच इमारतींना मजले मोजायचे. आता हीच आमची पट्टी.

बुधवारी विधानसभेचं मतदान आहे. आचारसंहितेमुळे पक्षांची भिंतलेखनं चुना मारून झाकलीत. चुन्याचा ब्रश मारणाऱ्याचा हात शेजारच्या चित्रावरही दोन-तीन फूट गेलेला दिसतो. चिकटवलेले कागद ओढून काढलेत तिथे कागदाबरोबर रंगही निघालाय, आयताकृती भोकं पडल्यासारखं. नोंदीच्या फॉर्ममध्ये नवा रकाना टाकला: "इजा कशाने". पाणी, चुना, पोस्टर, गाडी घासून, माणसांनी लघवी करून. शेवटचं कारण लिहायला संकोच वाटला, पण भिंतीच्या खालच्या पट्ट्याचा निम्मा नाश त्यानेच होतो. अनेक सोसायट्या भिंतीवर देवांच्या टाइल्स का लावतात ते सगळ्यांना माहीत आहे. कितीतरी भिंतींवर चित्र यायचं मूळ कारणही तेच असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

वांद्रे. आजचा दिवस चांगला गेला, म्हणून सविस्तर.

सुरुवात रिक्लेमेशनच्या एमटीएनएल इमारतीपासून. २०१४ मध्ये चित्रकार रंजित दहिया आणि साथीदारांनी तिच्या भिंतीवर दादासाहेब फाळके काढले, सुमारे १२० बाय १५० फूट. जवळ उभं राहिलं तर फक्त रंगाचे पट्टे दिसतात. चित्र दिसायला रस्ता ओलांडून लांब जावं लागतं, आणि इथला रस्ता ओलांडणं सोपं नाही. बाबांना चित्रापेक्षा ते चढवलं कसं याची उत्सुकता. त्यांनी मला समजावलं: हातभर कागदावर चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन भिंतीवर, सुतळीला गेरू लावून दोरी मारायची, मग एकेक घर भरायचं. "घर भरताना आपण नाक काढतोय का मिशी, ते कळत नाही. कागदावर विश्वास ठेवावा लागतो." दहियांनी हरयाणात चुनाकाम करण्यापासून सुरुवात केली होती हे त्यांना सांगितलं. तेव्हापासून दिवसभर "आपला माणूस" असाच त्यांचा उल्लेख.

तिथून चॅपेल रोड, वरोडा रोड, रानवार. ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी गावठाणं. कौलारू घरं, लाकडी जिने, नाक्यावर क्रूस. दहियांच्या बॉलिवूड आर्ट प्रोजेक्टने २०१२ पासून या गल्ल्यांत सिनेमातल्या चेहऱ्यांची चित्रं काढली. वरोडा रोडवर इरफान खान आहेत, २०२० मध्ये ते गेले त्यानंतर काढलेले. त्या चित्रासमोर एक डिलिव्हरीवाला मुलगा स्कूटर लावून मोबाइल बघत होता. फोटो काढायला म्हणून तो बाजूला झाला. मी त्याला म्हटलं, थांब, तिथेच बस. माणसाच्या मापाने भिंत किती मोठी ते छत्रीपेक्षा चांगलं कळतं.

इंटरनेटवरून मी ३१ चित्रांची यादी करून नेली होती. सापडली १२. काही ठिकाणी घरच पाडून नवी इमारत उभी. काही ठिकाणी त्याच भिंतीवर दुसरं चित्र. यादीत नसलेली मात्र २६ मिळाली. यावरून ठरवलं की यादी घेऊन शोधायचंच नाही. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डाव्या बाजूने जायचं, उजव्या बाजूने यायचं, आणि यादी घरी आल्यावर उघडायची. यादी हातात असली की डोळा फक्त तेवढंच शोधतो. पहिल्या तासात बाबांनी मला तीन चित्रं मागे वळून दाखवली.

रानवारमध्ये एका घराच्या बाजूच्या भिंतीचा फोटो घेत होते, तर खिडकीतून आवाज आला. "कोणाला विचारून काढते गो?" सत्तरीच्या बाई. मी म्हटलं, "सॉरी आंटी, रस्त्यावरून दिसतं म्हणून..." त्या म्हणाल्या, "रस्ता सगळ्यांचा, भिंत माझी. चित्र काढायला पोरं आली तेव्हा आधी विचारलं, बसून चहा घेतला, मग रंग लावला." त्यांचं म्हणणं पटलं. विचारलं. मग त्यांनीच सांगितलं की चित्र येण्याआधी ही भिंत निळी होती, चुन्यात नीळ घालून दर नाताळाला त्यांचा नवरा रंगवायचा. तो गेल्यावर रंगवायला कोणी नव्हतं. हे कुठल्या यादीत मिळालं नसतं. आता फॉर्ममध्ये आणखी एक रकाना: "आधी भिंतीवर काय होतं". खाजगी घर असेल तर घराचं नाव आणि नंबर नकाशावर घालणार नाही, गल्लीचं नाव पुरे.

१ डिसेंबर, रविवार

बाहेर गेलो नाही. घरी बसून वांद्र्याची माहिती नकाशावर घातली आणि लक्षात आलं की निम्म्याहून जास्त चित्रं चुकीच्या घरांवर बसलीत. अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंना उंच इमारती, फोनचं जीपीएस पंधरा-वीस मीटर सहज सरकतं. मोकळ्या रस्त्यावर तेवढ्याने बिघडत नाही, गावठाणात तेवढ्यात तीन घरं मागे पडतात. एक चित्र तर विहिरीच्या जागी दाखवत होतं.

उपाय: प्रत्येक चित्राचे आता चार फोटो. एक समोरून पूर्ण, एक छत्रीसकट, एक सहीचा आणि एक रस्त्याच्या पलीकडून, आजूबाजूचं दुकान, विजेचा खांब, क्रूस, काहीतरी न हलणारं दिसेल असा. जीपीएसवरून अंदाज घ्यायचा, ठिपका हाताने बसवायचा. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरतेय. त्यात भित्तिचित्रासाठी तयार खूण आहे, चित्रकाराचं नाव आणि साल घालायची सोय आहे, आणि माहिती कोणालाही घेता येते.

२६ चित्रं दुरुस्त करायला साडेपाच तास.

८ डिसेंबर, रविवार

चर्चगेट ते फोर्ट. स्टेशनच्या इमारतीवर गांधीजी, ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रांनी रंगीत चौकोन-त्रिकोणांतून उभे केलेले. महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अश्युरन्सच्या इमारतीसमोर बाबा अडून बसले. तिच्या दर्शनी बाजूवर १९३०च्या दशकातली उठावशिल्पं आहेत, कष्टकरी माणसं, बाया, कुंभार. शिल्पकार ना. ग. पानसरे. मी म्हणत होते, हे रंगवलेलं नाही, आपल्या नियमात बसत नाही. बाबा म्हणाले, "भिंतीवर माणसं आहेत, रस्त्यावरून दिसतात, आणखी काय पाहिजे?" घेतलं, वेगळ्या खुणेने. पुढे हा निर्णय अनपेक्षित रीतीने कामी आला, ते २२ तारखेला.

१५ डिसेंबर, रविवार

ससून डॉक. १८७५ची गोदी, २०१७ मध्ये इथे स्टार्ट इंडिया या संस्थेने मोठा कलाप्रकल्प केला होता. पहाटे पाचला पोचलो, मासळीचा लिलाव जोरात. आत फोटो काढायला परवानगी लागते आणि मी ती घेतली नव्हती. सुरक्षारक्षकाने थांबवलं, बरोबरच केलं. बाहेरच्या रस्त्यावरून दिसतात तेवढ्याच भिंती नोंदवल्या, चार. कोळंबी घेऊन परत. अर्ज आधी करा.

२२ डिसेंबर, रविवार

आजची नोंद प्रत्येकाने वाचावी, कारण यात माझे सगळ्यात जास्त तास गेले.

गेल्या आठवड्यात ६४ फोटो एका मुक्त छायाचित्र-भांडारावर चढवले. प्रत्येकाला नाव, जागा, तारीख, मराठीत वर्णन. चार रात्री लागल्या. दोन दिवसांत त्यातल्या ५८ फोटोंवर काढून टाकण्याची सूचना आली. आधी राग आला. फोटो माझे, भिंत रस्त्यावर, मग अडचण काय? मग कायदा वाचला.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(टी). सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो कोणीही काढून प्रसिद्ध करू शकतो. कारागिरीच्या कलावस्तूंनाही ती सवलत आहे. चित्र, पेंटिंग, त्या सवलतीत येत नाही. म्हणजे भिंतीवर रंगवलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, किंवा त्याने ज्याला दिला असेल त्याच्याकडे. ते रस्त्यावर आहे म्हणून "कोणीही वापरा" असं म्हणून ते वाटायचा अधिकार मला नाही. सिनेमात असं चित्र दिसलं तर चालतं, त्यासाठी त्याच कलमात वेगळी तरतूद आहे. स्थिर फोटोला नाही.

जे सहा फोटो राहिले ते सगळे पानसरेंच्या उठावशिल्पांचे.

मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चौतीस वर्षांत माझ्या एका पाटीचा फोटो काढताना कोणी मला विचारलं नाही. कायदा तसं विचारा म्हणतो हे मला आज कळलं." माझा राग तिथेच संपला. या कायद्याने कधीही पुसल्या जाणाऱ्या चित्राची नोंद अवघड होते, हे खरं आहे, आणि माझ्या मते भिंतीवरच्या चित्राला दस्तऐवजापुरती तरी सवलत असायला हवी. पण विचारायचं असतं ही गोष्ट रानवारच्या आंटींनी मला महिनाभर आधी सांगितली होती.

आता पद्धत अशी: जागा, माप, साल, चित्रकार, अवस्था ही माहिती उघड. ती लिहून ठेवायला परवानगी लागत नाही. फोटो माझ्या डिस्कवर, आणि चित्रकाराने लेखी हो म्हटलं तरच बाहेर. सहीशेजारी बहुतेकजण इन्स्टाग्रामचं नाव लिहितात, त्यावरून संदेश पाठवायला सुरुवात केली. सहीचा वेगळा फोटो घ्यायची सवय इथे उपयोगी पडली.

२९ डिसेंबर, रविवार

तुळशी पाइप रोडचा शेवटचा तुकडा, माटुंगा रोड ते दादर.

२००९ला आम्ही चौघींनी रंगवलेल्या भिंतीचा माझ्याकडे एकच फोटो आहे, मैत्रिणीच्या तेव्हाच्या नोकियातला, काडेपेटीएवढा. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी पतंग आणि समोर मास्क बांधलेल्या आम्ही. जागा आठवत नव्हती. महिनाभर मी त्या फोटोत मागे काय आहे ते बघत होते. भिंतीच्या वर रेल्वेच्या ओव्हरहेड तारांचा एक खांब दिसतो आणि त्यावर छोटी पाटी.

त्या पाट्यांवर आकडे असतात: वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक. चर्चगेटपासून मोजलेलं अंतर. भिंत कितीही वेळा रंगवा, खांबाचा नंबर सहसा हलत नाही. फोटोतल्या पाटीवर वरचे ११ वाचता येतात, खालचा आकडा धूसर, पण दोन अंकी आहे आणि शेवटचा गोल, म्हणजे ०, ६, ८ किंवा ९. आज रुळांवरच्या झेड ब्रिजवरून आणि रस्त्याच्या पलीकडून असे खांब शोधत गेलो. शक्य असलेले सात. त्यातल्या एकाशेजारीच रुळांपलीकडे फोटोतल्यासारखी दुहेरी खिडक्यांची इमारत उभी आहे. खिडक्यांना आता ग्रिल आलंय, पण गच्चीवरच्या टाकीचा आकार तोच.

तिथे आता फ्लेमिंगो आहेत. सुबक काम, गुलाबी रंग अजून ताजा. वाईट वाटायचं काही कारण नाही, आमची पतंग काही फार चांगली नव्हती. तरी मी थोडा वेळ उभी राहिले. बाबा भिंतीच्या खालच्या कडेला बसले, जिथे पोपडा सुटला होता, आणि नखाने हळूच कड मोजू लागले. रंग काढला नाही, फक्त सुटलेली कड पाहिली. गुलाबी, त्याखाली पांढरा प्रायमर, निळा, क्रीम, पुन्हा पांढरा, आणि अगदी तळाशी हिरवा. "हा तुझा असेलही, नसेलही," ते म्हणाले. "पण प्लास्टरवर पहिला हाच बसलाय."

खांबाचा नंबर आता या रस्त्यावरच्या प्रत्येक नोंदीत घालतेय. आधीच्या चार सकाळच्या नोंदींना तो नाही. पुन्हा जावं लागणार. तुमच्या गावात रूळ नसतील तर विजेच्या खांबांचे नंबर बघा. भिंतीशेजारी असं काहीतरी हवं ज्यावर कोणी चित्र काढत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

हिशोब. प्रवास ₹६४०, लोकल आणि बेस्टमुळे स्वस्त. लेझर मीटर ₹१,८५०, कोणाला हवा असल्यास द्यायचा आहे. वही, पॅड, पेन्सिली ₹२२०. प्रिंट ₹४००, यातले निम्मे बदललेल्या फॉर्मचे. चहा-नाश्ता दोघांचा ₹१,५३०. एकूण ₹४,६४०. वेळ: चालणं अंदाजे ४५ तास, घरचं काम ७० तास. मी उलटं धरून चालले होते. एक तास चाललात तर दीड तास टेबलासमोर लागेल असं धरा.

नोंदी १६३. ज्यांना सही आहे अशा ७१. बाकी ९२ चित्रांचे कर्ते माहीत नाहीत. सुशोभीकरणातल्या बहुतेक भिंतींवर सही नाही. रोजंदारीवर आलेल्या रंगाऱ्यांनी केलेलं काम असावं असं बाबांना ब्रशवरून वाटतं, पण ते फक्त त्यांचं मत, म्हणून फॉर्ममध्ये रकाना कोराच ठेवलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

३८ चित्रकारांना लिहिलं. १७ जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या १४ जणांनी फोटो प्रसिद्ध करायला होकार दिला. दोघांनी नाही म्हटलं, मी त्यांना कारण विचारलं नाही. एकीने परांचीवर बसून काम करतानाचे स्वतःचे अकरा फोटो पाठवले, आणि भिंत ओलसर होती म्हणून तिने आधी तीन दिवस काही केलं नाही, हेही लिहिलं. ती भिंत अजून शाबूत आहे.

एकाचं उत्तर दोन ओळींचं. मी त्याच्या चित्राचा नोव्हेंबरातला आणि त्याच जागेचा जानेवारीतला फोटो पाठवला होता. मधल्या काळात तिथे पत्र्याचं कुंपण आलं आणि भिंत पाडली गेली. त्याने लिहिलं: ते गेल्याचं मला माहीत नव्हतं. शेवटचा फोटो माझ्याकडेही नव्हता, थँक यू ताई.

नियम बदलला: आधी चित्रकाराला फोटो पाठवायचा, परवानगीचं नंतर विचारायचं.

२६ मे, सोमवार

सगळं नियोजन कोलमडलं. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असं धरून जूनचा पहिला आठवडा राखून ठेवला होता. पावसाआधी सगळ्या भिंतींचा एक शेवटचा फेरा, म्हणजे पावसाळ्यात काय गेलं ते नेमकं कळलं असतं. आज मान्सून शहरात आला, दोन आठवड्यांहून आधी. रात्रभर कोसळला. १६३पैकी फक्त ५८ भिंतींचे मे महिन्यातले फोटो आहेत, बाकीच्यांचे हिवाळ्यातलेच. पुढच्या वर्षी हा फेरा एप्रिलमध्ये. "अजून वेळ आहे" म्हणून मी दोन रविवार घरी बसले होते, ते दोन रविवार आता परत मिळणार नाहीत.

१ जून, रविवार

सकाळी सहाला निघालो. छत्री उघडलेली, म्हणजे मापाला दुसरं काही हवं. बाबांनी रात्रीच जुन्या पडद्याच्या काठीला तीस-तीस सेंटिमीटरवर टेप लावून ठेवली होती.

तुळशी पाइप रोडची भिंत पश्चिमेला तोंड करून आहे आणि पाऊसही तिकडूनच येतो, त्यामुळे सगळा मार समोरून. वरचा भाग अजून ठीक. खाली मात्र गाड्यांनी उडवलेलं पाणी आणि जमिनीतून चढणारी ओल, दोन्ही. लोणा म्हणजे भिंतीतून बाहेर येणारा क्षार. त्याची पांढरी भुकटी रंगाला आतून ढकलते आणि पोपडा सुटतो. बाबांनी दाखवलं, जिथे प्रायमर नीट मारला होता तिथे पोपडे लहान, जिथे थेट जुन्या रंगावर नवा चढवला तिथे हातभर लांब.

ऑफिसच्या आधी आणि रविवारी मिळून ३४ भिंती झाल्या. उरलेल्या जूनभर चालू राहतील. आजची शेवटची नोंद जशीच्या तशी उतरवते:

भिंत ४१. माटुंगा रोड ते दादर, खांब ११ किमी. १ जून २०२५, सकाळी ७:१०, पाऊस चालू. चित्र: फ्लेमिंगो, सही नाही. खालचे दोन फूट गेले, पाय दिसत नाहीत. इजा: पाणी, लोणा. आधी भिंतीवर काय होतं: निळा, क्रीम, हिरवा. हिरव्यावर एका ठिकाणी पिवळा, तळहाताएवढा. फोटो चार. मैत्रिणींना पाठवला.